हुकवर कोण, गेटवर कोण?

शनिवारची रात्र, पावणेबारा. पनवेलमधलं एक सज्जन घर. आई-बाबा झोपलेत, पंखा फुल, कोपऱ्यात मच्छरांची कॉइल पेटलेली. आणि मी हेडफोन लावून दबक्या आवाजात किंचाळतेय, ‘अरे आला, आला, माझ्याच मागे आला!’ (दबक्या आवाजात किंचाळणं ही कला फक्त वन-बीएचकेवाल्यांनाच जमते.)

घाबरू नका मंडळी, चोर नाही. ‘डेड बाय डेलाइट’ चाललंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी झटपट फंडा. माँट्रियलच्या बिहेव्हियर इंटरॅक्टिव्ह कंपनीने जून २०१६ मध्ये हा गेम आणला. (त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्या पनवेलची महानगरपालिका झाली. म्हणजे दोघं एका वयाचे!) खेळाडू पाच, पण सामना बरोबरीचा नाही. चौघं जीव वाचवणारे आणि एक खुनी. हा खुनीही कॉम्प्युटर नव्हे, कुठेतरी बसलेला तुमच्या-माझ्यासारखा माणूसच. तो तुमच्यापेक्षा वेगात चालतो. तुमच्या हातात शस्त्र नाही. मैदानात सात जनरेटर, त्यातले पाच चालू केले की गेटला वीज मिळते आणि गेट उघडून पळायचं. एकट्याने एक जनरेटर दुरुस्त करायला दीड मिनिट लागतं, आणि मध्येच एक गोल डायल टपकते. बटण दाबायला चुकलात की जनरेटर फाटकन उडतो आणि खुन्याला तुमचा पत्ता मिळतो. तो जवळ आला की कानात हृदयाचे ठोके. आपले नाही, गेममधले. पण थोड्या वेळाने फरक कळत नाही.

पकडलं तर तो खांद्यावर टाकून नेतो आणि हुकवर टांगतो. स्वतःहून सुटण्याचा चान्स नावापुरता. सोबत्याने येऊन उतरवलं तरच खरं. तिसऱ्यांदा टांगलं की खेळ खल्लास.

खुन्यांची यादी जाम नामवंत आहे. ‘हॅलोविन’चा मायकल मायर्स, ‘रिंगू’ची सादाको, झालंच तर ड्रॅक्युला. वाचणाऱ्यांत २०२२ पासून हॅडी कौर नावाची भारतीय वंशाची मुलगीही आहे. कौर पोचली, पाटील-कदम अजून वेटिंगवर! मोबाइलवरची आवृत्ती मार्च २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता कॉम्प्युटर किंवा कन्सोल लागतोच.

आईला हे सगळं म्हणजे ‘मेली खुनाखुनी’ वाटतं. मी तिला म्हटलं, अगं, हा डबा ऐसपैस आहे.

आठवतोय ना? लोडशेडिंगच्या दिवसांत लाइट गेले की आमची अख्खी सोसायटी खाली. बाजारातल्या दुकानांचे जनरेटर घरघरायला लागायचे आणि आम्ही अंधारात डबा मांडायचो. एकावर राज्य, बाकीचे लपलेले. त्याने कुणाला पाहिलं की नाव घेऊन ‘डबा ऐसपैस’ ओरडायचं, तो आउट. आउट झालेले हिरमुसून डब्यापाशी उभे. पण लपलेल्यांतल्या एखाद्याने धावत येऊन डबा उडवला की सगळे मोकळे! हुकवरून उतरवणं म्हणजे दुसरं काय? एकावर राज्य, अनेकांची फाटलेली, आणि सुटका नेहमी दुसऱ्याच्या हातात.

भांडणंसुद्धा तीच. राज्य असलेला एखादा डब्याला चिकटूनच बसायचा आणि आम्ही झुडपातून बोंबलायचो, ‘ए चीटर, डबा सोड!’ गेममध्ये खुनी टांगलेल्या माणसाशेजारीच ठाण मांडतो, त्याला कॅम्पिंग म्हणतात. त्यावर खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं कटकट केली. शेवटी कंपनीने नियम आणला, खुनी हुकजवळ फार वेळ घुटमळला तर टांगलेला आपला आपण उतरू शकतो. आम्ही तो नियम जोरजोरात भांडून एका संध्याकाळीच केला होता.

तर आमची चौकडी. मी, पुण्याचा मामेभाऊ, ठाण्याची कॉलेजमैत्रीण आणि ऑफिसातला एक मित्र, जो कामोठ्याला राहतो. आम्ही दोघं रोज एकाच लोकलने जातो. गाडी पनवेलहून सुटते, त्यामुळे सीट मिळणं हे पनवेलकरांचं एकमेव ऐश्वर्य. मी बॅग ठेवून त्याची जागा धरते, तो मानसरोवरला चढतो.

त्या आठवड्यात ऑफिसमधून एक रिपोर्ट चुकीच्या आकड्यांनिशी क्लायंटकडे गेला. रिपोर्टवर नाव त्याचं होतं. आकडे मी भरले होते. मीटिंगमध्ये वीस मिनिटं त्याची सालटी निघत होती आणि मी वहीत चौकोन काढत बसले होते. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी चौकोनात आणखी एक चौकोन काढला. अप्रेझल पंधरा दिवसांवर होतं हो!

शनिवारी तो ऑनलाइन येणार नाही असं धरूनच चालले होते. आला. नेहमीसारखाच, ‘चला, मरायला कोण कोण येतंय?’

त्या डावात पाचही जनरेटर झाले, गेट उघडलं. गेट उघडलं की दोनेक मिनिटांचं घड्याळ सुरू होतं, त्यात बाहेर पडला नाहीत तर खुन्याची गरजच नाही, खेळच तुम्हाला गिळतो. मामेभाऊ पसार. मैत्रीण पसार. मी दुसऱ्यांदा हुकवर. आणि तो गेटच्या रेषेवर. एक पाऊल टाकलं की सुटला.

‘जा तू,’ मी म्हटलं.

‘थांब गं,’ म्हणाला, आणि वळला.

त्याने मला उतरवलं. खुनी समोरून आला तर हा मध्ये आडवा गेला, माझ्यावरचा वार स्वतःवर घेतला आणि पडला. ‘पळ, बघत काय बसलीस!’ मी पळाले. सुटले.

कॉलवर मामेभाऊ कावला, ‘येडा आहेस का? सुटला होतास की!’

‘हुकवर होती ना ती,’ इतकंच म्हणाला तो. मी माइक म्यूट केला.

सोमवारी मानसरोवरला चढला, बसला, इयरफोन लावायला लागला. वाशीच्या खाडीपुलावर गाडीचा खडखडाट वाढला तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

‘त्या रिपोर्टचे आकडे माझे होते.’

‘माहितीये. फाइलमध्ये दिसतं ना, कोणी बदल केला ते.’

‘मग बोलला का नाहीस?’

त्याने खिडकीबाहेर बघितलं. ‘वाटलं, तू बोलशील.’

मानखुर्द गेलं. कुर्ला यायच्या आत मी फोनवरून बॉसला मेल केला. तीन ओळी. त्याला सीसी. सेंड दाबताना कानात तेच ठोके, आणि या वेळी हेडफोन नव्हते.

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. अप्रेझल यथातथाच झालं, ते विचारू नका. सध्या मामेभावाची परीक्षा आहे, त्यामुळे शनिवारी आम्हाला चौथा भिडू हवाय. नवशिका चालेल. डायल चुकणारा तर अगदीच चालेल, मी अजून चुकते.