वाशीच्या नाट्यगृहाचे नाव आणि विसरलेल्या बाहुल्या

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाची पायरी न चढलेला नवी मुंबईकर नाट्यरसिक विरळाच. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' झाले आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, हेही अनेकांना ठाऊक असते. त्याच भाव्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या घडवल्या होत्या, हे मात्र इतिहासप्रेमी मित्रांनाही सांगावे लागते. आजचा थ्रेड त्या विस्मरणाविषयी आहे.

मित्रहो, रंगभूमीचा इतिहास आपण कोणत्या क्रमाने शिकतो ते आठवून पाहा. कर्नाटकातील कर्कीची भागवत मंडळी सांगलीस आली. तिचे खेळ पाहून आप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना तसा, पण अधिक सुधारलेला खेळ मराठीत रचण्यास सांगितले. मग 'सीतास्वयंवर', मग १८८० चे किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आणि तिथून थेट बालगंधर्व. या मालिकेत बाहुलीला जागा नाही. भाव्यांच्या बाहुल्या शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर नाचवल्या नसत्या, तर त्या केवळ चरित्रातील एका ओळीपुरत्या उरल्या असत्या.

वस्तुतः बाहुली आपल्या भाषेत फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीत तिला 'साइखडे' हा शब्द आहे. दुसऱ्याच्या हातातील दोरीने नाचणारे लाकूड हा दृष्टान्त श्रोत्यांना उमगत होता, याचा अर्थ तेराव्या शतकात हा खेळ लोकांच्या पाहण्यातला होता. १९०० साली रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने 'सूत्रधार' या शब्दावरून संस्कृत नाटकाचे मूळच बाहुल्यांच्या खेळात शोधले. ते मत सर्वमान्य झाले नाही, आणि मलाही ते थोडे ओढूनताणून आणलेले वाटते. पण नाटक चालवणाऱ्याला आपण आजही 'दोरी धरणारा' म्हणतो, हे विसरता येत नाही.

ही परंपरा महाराष्ट्रात आज जिथे नांदते ते गाव म्हणजे सिंधुदुर्गातील कुडाळजवळचे पिंगुळी. येथील ठाकर समाजाकडे कळसूत्री बाहुल्या आहेत, दिव्याच्या उजेडात पडद्यावर सावली पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या आहेत आणि चित्रकथी आहे. चित्रकथीत कथेच्या चित्रांचा संच म्हणजे एक 'पोथी'. दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवलेली असतात आणि कथेकरी एकेक चित्र दाखवत, वाद्यांच्या साथीने, रामायण-महाभारतातील आख्यान गातो. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला. तिचे खरे व्यासपीठ मात्र देऊळ आणि खरा मोसम नवरात्र. म्हणजे महोत्सव आपल्याकडेही होताच. त्याला पत्रिका नव्हती, उद्घाटक नव्हता, आणि खेळाला 'कार्यक्रम' न म्हणता 'सेवा' म्हणत.

संस्थाने गेली, आश्रय आटला, चित्रपट आला. जुन्या पोथ्या संग्राहकांच्या हाती गेल्या. या शैलीची चित्रे पैठण परिसरात मिळाल्यामुळे अभ्यासक दीर्घकाळ तिला 'पैठण चित्रे' म्हणत राहिले आणि पिंगुळीचे नाव मागे पडले. पुढे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर करून तिथे संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण सर्वांनी अभिनंदनाचे संदेश फिरवले. बाहुलीची दोरी मात्र त्यानंतरही बहुतांशी त्याच गावाच्या हातात राहिली.

आता थोडे दूर जाऊ. चेक प्रजासत्ताकात ख्रुदिम नावाचे एक लहान नगर आहे. तिथे १९५१ पासून दरवर्षी बाहुलीनाट्याचा महोत्सव भरतो, आणि तो मुख्यतः हौशी कलाकारांचा आहे. शिक्षक, विद्यार्थी, कारकून वर्षभर आपापल्या गावी तालमी करतात आणि उन्हाळ्यात तिथे खेळ लावतात. १९७२ मध्ये त्याच नगरात बाहुल्यांचे संग्रहालय झाले. २०१६ मध्ये स्लोव्हाक आणि चेक बाहुलीनाट्य युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले.

'त्यांच्याकडे सरकार होते, पैसा होता,' असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. १९४८ नंतरच्या साम्यवादी राजवटीने बाहुलीनाट्याला पैसा दिला आणि त्यासोबत पहाराही बसवला, हे मान्य. पण बाहुलीप्रेमींची संघटना १९११ ची आणि त्यांचे नियतकालिक १९१२ चे. तेव्हा चेक लोकांना स्वतःचे राज्यही नव्हते. ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. मातेय कोपेत्स्की (१७७५–१८४७) यांच्यासारख्या फिरत्या खेळकऱ्यांनी गावोगाव चेक भाषेत खेळ केले, आणि जर्मनच्या वर्चस्वात वाढलेल्या त्या समाजाने पुढे त्यांना भाषेचे राखणदार मानले. घराघरांत छोटे रंगमंच आले. बाहुलीकारांची आंतरराष्ट्रीय संघटना 'युनिमा' १९२९ मध्ये प्रागमध्येच स्थापन झाली. महोत्सव या साऱ्याच्या नंतर आला. आधी हजारो हात दोरी धरायला शिकले, मग ते हात एका गावी जमू लागले.

माझे म्हणणे येथेच आहे. आपण उलट्या टोकाने आरंभ करतो. मैदानावर मंडप घालतो, 'लोककला महोत्सव' असा फलक लावतो, पिंगुळीच्या कलाकारांना वीस मिनिटे देतो आणि पुढच्या लावणीसाठी घाई करतो. रात्रभर उलगडणारे आख्यान वीस मिनिटांत मावत नाही. त्यामुळे प्रेक्षकाला बाहुली दिसते, कथा दिसत नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही, पण कला नमुना होऊन बसते.

मग नवी मुंबईतील शाळांनी पिंगुळीची कला सरसकट उचलावी काय? येथे मी थबकतो. ज्या समाजाकडे जमीनजुमला थोडा आणि पोथी हीच पुंजी, त्याची पुंजी 'वारसा सर्वांचा' म्हणून वाटून घेणे न्याय्य नाही. ख्रुदिमचे अनुकरण करताना हा भेद विसरू नये. म्हणून पिंगुळीची आख्याने कोणी, कशी आणि किती मानधनावर शिकवायची, हे पिंगुळीनेच ठरवावे. मात्र लाकूड कोरणे, दोरी ओवणे, पडद्यामागे दिवा लावणे आणि स्वतःची कथा रचणे ही कोणा एकाची मिरास नव्हे. भावे सांगलीचे, ठाकर समाजाचे नव्हेत. त्यांनीही बाहुल्या घडवल्याच.

वाशीच्या त्या नाट्यगृहात एखाद्या ५ नोव्हेंबरला नटराजपूजनानंतर पहिला प्रवेश हौशी मुलांच्या बाहुल्यांनी केला, तर ज्यांचे नाव दारावर आहे त्यांना ते परके वाटणार नाही. तोवर ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी नवरात्रात पनवेलहून रात्रीची गाडी धरावी आणि सकाळी कुडाळला उतरावे. पिंगुळी तिथून जवळ आहे. संग्रहालयात फोटो काढण्याआधी एकदा दोरी हातात देण्याची विनंती करा. बाहुलीची मान पहिल्यांदा हमखास भलतीकडेच वळते.