घोड्यावर बसवू का, डॉक्टर?

बालरोगतज्ज्ञाच्या आयुष्यात काही प्रश्न असे येतात, की त्यांचे उत्तर तो अर्ध्या मिनिटात देऊन टाकतो आणि त्याची रुखरुख मात्र वर्षानुवर्षे बाळगतो. काही वर्षांपूर्वी एका आईने मला विचारले होते, "डॉक्टर, याला घोड्यावर बसवू का?" मुलगा सात वर्षांचा, अपुऱ्या दिवसांचा, दोन्ही पाय ताठर, आपल्या परिभाषेत स्पास्टिक डायप्लेजिया. मी हसून म्हणालो, "हे खूळ सोडा, ताई. व्यायाम तेवढे नियमित करून घ्या."

ताईंनी खूळ सोडले नाही. मला सांगणे सोडले. सुटीत मामाच्या गावी गेल्यावर तेथील घोडेस्वारीच्या शाळेत त्या मुलाला महिनाभर नेत राहिल्या. सहा महिन्यांनी मला ते कळले, तेही मुलाच्याच तोंडून. त्यानंतर मी खुब्यांचा एक्स-रे काढविला. डाव्या खुब्याचा गोळा खोबणीतून एकतृतीयांशाहून अधिक बाहेर सरकलेला होता. वेदना नव्हती आणि अस्थिशल्यविशारदांकडे आम्ही वेळेत पोहोचलो, हे सुदैव. घोड्याचा विषय निघाला नसता, तरी तो एक्स-रे मी आधीच काढायला हवा होता, ही कबुली येथे देणे मला आवश्यक वाटते.

या उपचाराची कल्पना नवी नाही. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या या स्त्रीला घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी आधार लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या अश्वारोहण प्रकारात रौप्यपदक मिळविले आणि १९५६ मध्ये पुन्हा एकदा. त्यानंतर युरोपात या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. त्यामागील तर्क सोपा आहे. घोडा संथ चालतो तेव्हा त्याची पाठ स्वाराच्या कटिभागाला मागे-पुढे, डावी-उजवीकडे आणि किंचित पिळा देत हलविते. माणूस चालताना कटिभागाची हालचाल साधारण अशीच असते. ज्या मुलाला स्वतःच्या पायांनी ती लय कधी मिळाली नाही, त्याला ती घोड्याच्या पायांनी मिळते. तोल सावरताना धडाचे स्नायू आपसूक कामाला लागतात.

मग पुरावा काय सांगतो? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात पंधरा मुले होती. अवघी आठ मिनिटे चालत्या घोड्यावर बसलेल्या मुलांच्या स्नायूंच्या कामातील डावे-उजवे असंतुलन कमी झाले. स्थिर पिंपावर बसविलेल्यांचे तसे झाले नाही. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत, दहा आठवड्यांच्या घोडेस्वारीनंतरही सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या एकूण हालचालींत लक्षणीय फरक आढळला नाही. स्वमग्न मुलांबाबत २०१५ चा अमेरिकी अभ्यास अधिक आशादायी आहे: दहा आठवड्यांनंतर चिडचिड व अतिचंचलता घटली, सामाजिक संवाद सुधारला. तात्पर्य, हा पूरक उपचार आहे. फिजिओथेरपी, स्प्लिंट, औषधे, शस्त्रक्रिया यांची जागा तो घेऊ शकत नाही. "घोड्यावर बसवा, मूल चालू लागेल" असे सांगून पैसे घेणारा माणूस फसवणूकच करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु तेवढेच स्पष्टपणे दुसरेही सांगतो. हसून उडवून लावणारा डॉक्टर त्या कुटुंबाला अशाच माणसाच्या हाती सोपवीत असतो. आपण दार लावले, तर पालक चोरवाटेने जातात आणि मुलाची तपासणी राहून जाते. तेव्हा समव्यवसायी मित्रांनो, हा प्रश्न आला तर 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी मूल तपासा. खुबे व पाठीचा कणा पाहा. झटके आटोक्यात आहेत ना, हे विचारा. डाऊन सिंड्रोम असल्यास मानेच्या वरच्या दोन मणक्यांतील अस्थैर्याची शंका मनात ठेवा. तबेल्याशी संबंध येणार म्हणून धनुर्वाताची लस पूर्ण आहे का, ते बघा. घोडा शांत व शिकविलेला हवा, डोक्यावर हेल्मेट हवे, दोन्ही बाजूंना माणसे हवीत आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला हवा. वरातीची घोडी किंवा जत्रेतला तट्टू म्हणजे उपचार नव्हे.

आपले इंदूर होळकरांच्या घोडदळाचा वारसा सांगते. शेजारी महूची छावणी आहे. घोडे जाणणारी निवृत्त मंडळी आपल्या ओळखीत निश्चित असतील. आपल्या संस्थेने त्यांच्याशी बोलून, फिजिओथेरपिस्टना सोबत घेऊन, आधी निदान तपासणीचा एक सामाईक नमुना तरी तयार करावा, अशी माझी सूचना आहे.

त्या मुलाला मी विचारले होते, "घोड्यावर काय आवडलं?" तो म्हणाला, "मी 'चल' म्हटलं की तो चालतो." सरळ बस, टाच टेक, गुडघा वाकवू नको, अशा आज्ञा झेलण्यातच त्याची सात वर्षे गेली होती आणि त्यांतल्या कित्येक माझ्या होत्या. हे कोणत्याही मोजपट्टीवर नोंदले जात नाही, हे मी जाणतो. म्हणून ते उपचाराचे फलित आहे असा दावा मी करणार नाही. पण त्याच्या आईने विचारलेला प्रश्न खूळ नव्हता, एवढे मात्र मला मान्य करावेच लागेल.