तित्तराच्या हाकेला उत्तर



मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे मस्कतला जाऊन आलो. तिचे यजमान तिथं नोकरीला आहेत. परत आल्यावर शाळेत, मशिदीच्या दारात, किराणा दुकानावर, ज्यानं त्यानं एकच विचारलं, "सर, तिकडं काय काय पाहिलं?" सुलतान काबूस मशीद पाहिली, समुद्र पाहिला, सूक पाहिला. पण "जास्त करून पक्षी पाहिले" म्हटलं की समोरचा हसायचा. "पक्षी पाहायला विमानाचं तिकीट काढलं? आपल्या चाकूरच्या लिंबावर काय कमी आहेत?"

प्रश्न थट्टेचा होता, पण बरोबर होता. त्याचंच उत्तर आज लिहितो.

या छंदाची सुरुवात वर्गात झाली. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना मी डॉ. सालिम अली यांची गोष्ट सांगत होतो. १८९६ साली मुंबईत जन्मलेलं, लहानपणीच आईवडिलांचं छत्र हरपलेलं, मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढलेलं हे पोर. दहा-बारा वर्षांचा असताना त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खाल्लेली चालेल का, असा त्याला प्रश्न पडला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि त्या पोराचं आयुष्यच बदललं. ती होती पीतकंठी चिमणी. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातही चिमणीच आहे.

गोष्ट संपली आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पाहिली का ती चिमणी?"

मी नव्हती पाहिली. बी.एड. झालेला, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा माणूस, आणि जे शिकवतो ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्या आठवड्यात लातूरहून जुनी दुर्बीण आणली. पुढच्या रविवारी वडवळ नागनाथच्या बेटावर गेलो. हे बेट वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे, पण सकाळी तिथं पक्ष्यांचीच शाळा भरलेली असते. तिसऱ्या खेपेला पीतकंठी दिसली. म्हणजे ती इथंच होती, मीच वर पाहत नव्हतो.

आता मस्कत. हैदराबादहून विमान धरलं, रात्री उशिरा पोचलो. पहाटे फजरची अजान संपली आणि खिडकीबाहेरून ओळखीचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. तित्तर! लांबून दुसऱ्यानं उत्तर दिलं, तिसऱ्यानं त्याच्यावर आवाज चढवला. मी गादीवर उठून बसलो. मला वाटलं मी चाकूरलाच आहे आणि अंगणात अब्बांचा पिंजरा टांगलेला आहे.

हो, पिंजरा. त्याच्याकडे येतोच.

दिवस उजाडला तसे एकेक ओळखीचे दिसू लागले. तारेवर नीलपंख, फुलांवर जांभळा सूर्यपक्षी, पाण्याच्या पाइपाजवळ टिटवी, हिरवळीवर साळुंक्या, भिंतीवर होला. आपला गावकावळाही होता, तो म्हणे जहाजांवर बसून अरबस्तानच्या बंदरांत पोचला. बहीण म्हणाली, "भाईजान, हे बघायला इतक्या लांब आलात?" पण मला नवलच वाटत होतं. नकाशा काढून पाहा. आपल्याकडून सिंध, तिथून मकरानचा किनारा, आणि त्याच्या समोर ओमान. मधे समुद्राचा चिंचोळा पट्टा. यातल्या कित्येक पक्ष्यांचं घर हे असं सलग पसरलेलं आहे. पासपोर्ट आपल्याला लागतो, त्यांना नाही.

एक दिवस बहनोई आम्हाला निझव्याकडे घेऊन गेले. तिथं जबल अख्दर नावाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी बिरकत अल मोझ हे गाव. खजुराच्या बागा, केळी, आणि त्यांच्यामधून वाहणारा फलज. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी उतारानं बागेपर्यंत आणणारा पाट. इथला फलज युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत २००६ पासून आहे. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही विद्या परकी वाटणार नाही.

पाटाच्या कडेला एका वाळक्या फांदीवर चिमणीएवढा पक्षी बसला होता. दुर्बीण लावली. खांद्यावर तांबूस पट्टा, गळ्यावर पिवळा ठिपका. पीतकंठी! बागेत काम करणारा बांगलादेशी माणूस हिंदीत म्हणाला, "ये गर्मी में आता है, बच्चा बनाता है, फिर चला जाता है." त्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण एकेक शब्द खरा होता. पश्चिमेकडच्या पीतकंठी चिमण्या उन्हाळ्यात ओमान, इराण, इराककडे पिल्लं वाढवतात आणि थंडी आली की भारतीय उपखंडाकडे वळतात. आपल्या बेटावरच्या मात्र बारमाही इथल्याच. सालिम अलींच्या चिमणीची चुलत भावंडं मला अरबस्तानात भेटली.

तिथून वर जायला पोलिसांची चौकी लागते. फोर बाय फोर गाडीशिवाय सोडत नाहीत, उतार तसा जीवघेणा आहे. वर सुमारे दोन हजार मीटरवर सैकचं पठार. खाली अंग भाजणारं ऊन, वर संध्याकाळी स्वेटर. गुलाबाचा हंगाम सरत आला होता, तरी गुलाबजलाचा वास गल्लीत रेंगाळत होता.

याच डोंगररांगेतल्या एका घुबडाची गोष्ट बहनोईंनी सांगितली, मग मी ती नीट वाचून काढली. २०१३ च्या मार्चमध्ये पक्ष्यांचे आवाज टिपणारे दोन युरोपियन अभ्यासक इथं रात्री बसले होते. टेपमध्ये एक अनोळखी घूत्कार आला. घुबड दिसण्याआधी ऐकू आलं! नवी जात म्हणून त्याला ओमानचं नाव दिलं. पुढे २०१५ मध्ये विलायतेतल्या संग्रहालयातल्या एका जुन्या नमुन्याशी त्याचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा उलगडलं की ही जात १८७८ मध्येच नोंदली गेली होती. नोंदवणारे कोण, तर ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले काँग्रेसच्या स्थापनेचे ह्यूम! मकरानच्या किनाऱ्याकडून आलेल्या त्या एका मेलेल्या घुबडावर त्यांनी लिहिलं होतं. सव्वाशेहून जास्त वर्षं ते घुबड पेटीत गप्प पडून होतं, आणि समुद्रापलीकडे त्याचे भाऊबंद दर रात्री बोलत होते. ऐकणारा कोणी नव्हता, एवढंच.

आम्हीही रात्री तासभर बसलो. काही ऐकू आलं नाही. पण ती गोष्ट डोक्यातून गेली नाही.

परतीच्या वाटेवर आभाळात पांढरी गिधाडं घिरट्या घालत होती. हिवाळ्यात मस्कतच्या कचरा डेपोवर ती शेकड्यांनी जमतात. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं गिधाड पाहिलेलं नाही. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या ढोरातून त्यांच्या पोटात गेलं आणि आपल्याकडची गिधाडं पटापट मेली. २००६ साली त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

आता पिंजऱ्याचं सांगतो. हे छापून आल्यावर लोक मला नावं ठेवतील हे ठाऊक आहे.

आमच्या घरी नऊ वर्षं तित्तर होता. अम्मी गेल्या त्या साली कोणीतरी अब्बांना पिल्लू आणून दिलं. काळ्या तित्तराच्या हाकेत लोक "सुभान तेरी कुदरत" ऐकतात. आमचा होता करडा, पण अब्बांना त्यातही तेच ऐकू यायचं. फजरला दोघं बरोबर उठायचे. रानातला पक्षी पकडणं, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे मी वर्गात शिकवत होतो आणि घरी येऊन त्याच पिंजऱ्याखाली जेवत होतो. बोलायची हिंमत नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एकट्या माणसाकडून त्याचा सोबती कसा काढून घ्यायचा?

मस्कतहून आल्यावर एकदा विषय काढला. अब्बा म्हणाले, "त्याला दाणा कमी पडतो का, पाणी कमी पडतं का? मास्तरकी शाळेत कर." मी गप्प बसलो. भांडून उपयोग नव्हता. मग एका जुम्म्याला फजरनंतर म्हटलं, "अब्बा, गाडीवर बसता का? बेटाकडे जाऊन येऊ."

पायथ्याशी गाडी बंद केली. उजाडत होतं. एका बांधावरून तित्तर बोलला. लगेच पलीकडून दुसरा. मग ओढ्याकडून तिसरा. अब्बा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. परत निघताना एवढंच म्हणाले, "घरातला एकटाच बोलतो रे. याला उत्तर मिळतं."

दोन दिवस घरात शांतता. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जंगलवाल्यांना फोन लाव."

मला वाटलं होतं पिंजरा उघडला की झालं. तसं नसतं. नऊ वर्षं आयता दाणा खाल्लेला पक्षी माळावर सोडला तर कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जातो. आलेला कर्मचारी भला माणूस होता. ओरडला नाही, पक्ष्याची देखभाल होईल असं म्हणाला. अब्बांनी बाजरीची पुरचुंडी आणि रात्री पिंजऱ्यावर टाकायचं फडकं त्याच्या हातात दिलं. मग आत जाऊन झोपले. त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. मी बरोबर केलं का, हा प्रश्न त्या दुपारी मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा जड वाटला.

ज्यांच्या घरी असा पिंजरा आहे, त्यांना मी उपदेश करणार नाही, तो अधिकार मला नाही. एवढंच सांगतो, की एकदा त्या पक्ष्याचे भाऊबंद जिथं राहतात तिथं पहाटे जाऊन उभे राहा. आणि जो पक्षी गेला त्याच्या जागी दुसरा आणू नका.

मुलांना घेऊन सुरुवात करायची असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. दुर्बीण नसली तरी चालेल. एक वही घ्या, फजरनंतरचा अर्धा तास घ्या, भडक कपडे नकोत, मोबाइल खिशात. आधी ऐका, मग पाहा. ज्यांचे नातेवाईक आखातात आहेत, त्यांनी तिकडच्या मुलांनाही हीच वही करायला सांगा. महिन्यानं दोन्ही वह्या शेजारी ठेवा. किती नावं सारखी निघतात ते पाहून मुलं चकित होतील.

चाकूरच्या लिंबावर काय कमी आहे, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे, काहीच कमी नाही. ते कळायला मला मस्कतला जावं लागलं.

अंगणातला खिळा अजून तसाच आहे. अब्बा दर जुम्म्याला माझ्याआधी तयार होऊन गाडीपाशी उभे असतात. परवा त्यांनी सात तित्तरांच्या हाका मोजल्या. मी पाचच मोजल्या. त्यांचा आकडा खरा असणार.