केस पेपरच्या खिडकीपाशी

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक बाई डोकेदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे वरचेवर येत असत. (ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.) पहाटे तीनलाच त्यांची झोप उडे, जेवणावरची वासना गेली होती, आणि एकदा त्या सहज म्हणाल्या, ''डॉक्टर, कशातच राम वाटत नाही.'' हे नैराश्य आहे, हे ध्यानी येण्यास मला तीन भेटी लागल्या. ही माझी चूक. मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास त्यांचे मन मोठ्या मिनतवारीने वळवले. चिठ्ठी घेऊन त्या एका मोठ्या रुग्णालयात गेल्या, आणि डॉक्टरांना न भेटताच परतल्या.

काय घडले, ते मला सात महिन्यांनी कळले. केस पेपरच्या खिडकीतील कर्मचाऱ्याने चिठ्ठी वाचली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, ''मेंटलची ओपीडी मागच्या इमारतीत!'' रांगेत त्यांच्याच आळीतील एक गृहस्थ उभे होते. बाई तशाच माघारी वळल्या. पुन्हा माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे वजन सहा किलोंनी उतरले होते, आणि यजमानांनी त्यांना अक्षरशः धरून आणले होते.

त्या कर्मचाऱ्याचा मला राग आला, हे खरे. परंतु त्याने त्या सकाळी दोनशे केस पेपर काढले असतील, आणि या चिठ्ठीवरील विभागाचे नाव मोठ्याने उच्चारू नये, एवढे त्याला कोणी सांगितलेले नसावे. शिवाय माझ्या स्वतःच्या दवाखान्यात तरी काय होते? आमची स्वागतिका एका वृद्धेला 'झोपेच्या गोळ्यांवाल्या काकू' म्हणे, आणि मीही ते हसून चालवून घेतले होते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, विकारागणिक प्रमाण बदलत असले, तरी मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे सत्तर ते नव्वद टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. तज्ज्ञांचा तुटवडा, खर्च, अज्ञान ही कारणे आहेतच. पण जो मोठ्या कष्टाने उंबरठ्यापर्यंत आला, तो तेथून परत जाणार नाही, एवढे तरी उंबरठ्यावरच्या माणसांच्या हाती असते. दारावरचा रखवालदार, खिडकीतील लिपिक, वॉर्डातील मामा आणि मावशी, रक्तदाब घेणाऱ्या सिस्टर, या सर्वांना रुग्ण डॉक्टरांच्या आधी भेटतो. दाखल झाल्यावर तर दिवसाचे तेवीस तास तो त्यांच्याच सहवासात असतो.

त्यांनी काय करावे? रुग्णास त्याच्या नावाने हाक मारावी, आजाराच्या नावाने कधीही नव्हे. प्रश्न त्यालाच विचारावा. शेजारच्या नातेवाइकाकडे पाहून ''हे जेवतात का?'' असे विचारू नये. किती वेळ लागेल ते खरे सांगावे, कारण अस्वस्थ मनाला 'पाच मिनिटांत' हा शब्द दीड तास ताणलेला सोसत नाही. कोणी चिडून उठलाच, तर एकाच व्यक्तीने, सावकाश, थोड्या अंतरावरून बोलावे. मागून खांद्यावर हात ठेवू नये, दार अडवून उभे राहू नये. रुग्णाला ऐकू येणारे आवाज आपल्याला ऐकू येत नसतात. त्यावर वाद घालणे व्यर्थ, आणि हसणे तर अक्षम्य. 'तुम्हाला भीती वाटते आहे, हे दिसते मला' एवढे वाक्य पुरते. ठरलेल्या दिवशी रुग्ण आला नाही, तर एक दूरध्वनी करावा. माझ्या दवाखान्यात हा नियम केल्यापासून मध्येच औषध सोडणारे वेळीच कळू लागले.

हा केवळ सौजन्याचा भाग आहे, असे समजू नये. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास प्रतिष्ठेने जगण्याचा आणि आजाराविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे. दाखल रुग्णाचे केस सक्तीने भादरता येत नाहीत. इच्छा असल्यास त्याला स्वतःचे कपडे घालता येतात. सेवेत उणीव असेल, तर संस्थेच्या प्रमुखांकडे तक्रार करण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. तुमच्या घरातील माणसाशी कोणी अपमानास्पद वागले, तर खिडकीशी भांडत बसण्याऐवजी ती लेखी द्या.

मात्र दुसरी बाजूही पाहा. सलग रात्रपाळ्या करणारे मामा शिव्या खातात, प्रसंगी मारही खातात, आणि सकाळी कोणी त्यांना 'रात्र कशी गेली' असे विचारत नाही. थकलेल्या माणसाकडून मृदू शब्दांची अपेक्षा करायची, तर त्याला पुरेशी सुटी आणि मन मोकळे करण्यास जागा द्यावी लागते. ती व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. सेवाभावावरील व्याख्यानांनी ती भागत नाही. आपण नातेवाइकांनी निदान त्यांच्यावर आवाज चढवू नये.

आणि रुग्णालयात जाण्याचे धैर्यच होत नसेल, तर 14416 हा 'टेली मानस'चा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तेथे मराठीत बोलता येते.

त्या बाईंना मी दुसऱ्यांदा पाठवले, तेव्हा आधी त्या विभागात दूरध्वनी केला, आणि तेथे काय काय होईल ते त्यांना अगोदर समजावून सांगितले. पहिल्या खेपेस हे मी केले नव्हते. आता त्यांची प्रकृती पुष्कळ सुधारली आहे. गोळ्या चालू आहेत. त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले, असे मी विचारले, तर निम्मे त्यांना आठवत नव्हते. बाहेरच्या मावशींचे बोलणे मात्र त्यांनी मला जसेच्या तसे ऐकवले: ''ताई, तुमचा नंबर यायला तासभर लागेल. तोवर भिंतीकडच्या खुर्चीवर टेकून बसा, मी येऊन सांगते.'' आणि तासाभराने त्या मावशी खरोखरच त्यांच्याजवळ येऊन, हळूच सांगून गेल्या.