तिरफळ आणि 'शेजवान'

"मला चायनीज फार आवडतं," असं मी काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका चिनी मुलीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती चेंगदूची, म्हणजे सिच्वान प्रांताच्या राजधानीची. प्रोजेक्टसाठी सहा महिने पुण्यात आली होती. तिने शांतपणे विचारलं, "कुठलं?"

मला प्रश्नच कळला नाही. कुठलं म्हणजे? चायनीज म्हणजे चायनीज!

त्याच आठवड्यात तिला शेजवान राइस खायला नेलं. म्हटलं, घे, तुझ्याच गावचा आहे. चार घास खाऊन ती हसून म्हणाली, "छान आहे. पण हे काय आहे?"

मग रोज डबा खाताना माझी शिकवणी सुरू झाली. सिच्वानची खूण नुसती मिरची नव्हे, तर 'मा-ला'. 'ला' म्हणजे तिखट आणि 'मा' म्हणजे जिभेला येणारी झिणझिणी, बधिरपणा. तो येतो ह्वाच्याओ नावाच्या एका वाळलेल्या फळाच्या सालीतून. हुनानात जेवण तितकंच जहाल, पण झिणझिणी नाही. तिथे मिरची ताजी किंवा खारवून आंबवलेली. दक्षिणेला ग्वांगडोंगमध्ये ताजा मासा वाफवायचा, वर आलं, कांद्याची पात, सोया सॉस आणि चमचाभर कडकडीत तेल. बस्स! मसाला जास्त म्हणजे मासा शिळा असणार, अशी शंका घेणारी माणसं ती. शांघायच्या बाजूला सोया आणि साखरेत मुरवलेलं गोडसर मांस. उत्तरेला शान्शीत भाताऐवजी गव्हाच्या शेवया आणि त्यावर मुरलेलं व्हिनेगर. आणि मिरची? ती तर अमेरिका खंडातून समुद्रमार्गे सोळाव्या शतकात चीनमध्ये पोचली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, साधारण त्याच शतकात. झिणझिणी मात्र तिथली मूळची, मिरचीच्या कितीतरी आधीची.

पुढे आई वेंगुर्ल्याहून आली, तेव्हा मी तिला घरी जेवायला बोलावलं. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. "तिका तिखट चलता मां?" आईने मला हळूच विचारलं. तिने सराईतपणे काटे काढले, घास तोंडात घातला आणि एकदम थांबली. ओठांना बोट लावून म्हणाली, "मा!"

तिरफळ! ह्वाच्याओ आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली भावंडं. दोन्हीकडे आतली काळी बी टाकून देतात आणि साल वापरतात. तिने डब्यातली मूठभर तिरफळं हुंगली आणि बराच वेळ काही बोलली नाही. पुण्यात पहिल्यांदाच तिला घरची आठवण देणारं काहीतरी मिळालं होतं, आणि तेही 'शेजवान' लिहिलेल्या कुठल्याही पाटीखाली नव्हतं.

गाडीवरच्या चायनीजवर माझा राग नाही. मंचुरियन मुंबईत जन्मलं, त्याचा मंचुरियाशी काडीचा संबंध नाही, तरी मी ते मिटक्या मारत खाते. ते आपलं आहे, वडापावाइतकंच आपलं. पण लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगरच्या चटणीला आपण आठ कोटींहून जास्त माणसांच्या प्रांताचं नाव दिलं आणि त्या प्रांताबद्दल आपल्याला सगळं कळलं असं धरून चाललो, हे मला खटकतं. परदेशात कोणी 'इंडियन फूड' म्हणजे बटर चिकन आणि नान असं म्हटलं की आपण किती चिडतो! भरल्या वांग्याचं, सोलकढीचं, आंबोळीचं काय, असं तावातावाने विचारतो. मग तिने मला चिडून विचारलं असतं तर? तिने फक्त "कुठलं?" एवढंच विचारलं.

असो. आता कोणी "मला चायनीज आवडतं" म्हणालं की मीही तेच विचारते. बहुतेक जण गोंधळतात. गोंधळू देत. मीही गोंधळलेच होते की!