शाळा संपली तरी हात सोडू नका

दरवर्षी २ एप्रिल हा दिवस जगभर ऑटिझम जागृती दिन म्हणून पाळला जातो. तो पाळावा असा ठराव कतार या छोट्या देशाने संयुक्त राष्ट्रसंघात मांडला आणि १८ डिसेंबर २००७ रोजी तो मंजूर झाला. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हे वेड नव्हे, आईबापांच्या हातून घडलेली चूकही नव्हे. मेंदूची ती जन्मापासूनची वेगळी ठेवण आहे. अशा व्यक्तीला आडून बोललेले चटकन उमगत नाही, गोंगाट व अचानक झालेला बदल सोसत नाही. काहींना जन्मभर आधार लागतो. काही मुले मात्र अभ्यासात चांगली चमकतात. आज आम्ही लिहीत आहोत ते या दुसऱ्या मुलांविषयी, कारण ‘हुशार आहे, निभावून नेईल’ असे म्हणून त्यांनाच लवकर वाऱ्यावर सोडले जाते.

कतारची राजधानी दोहा. तेथील अल मन्सूरा या गजबजलेल्या वस्तीत भारतातून पोटापाण्यासाठी आलेले पुष्कळ लोक राहतात. तेथल्या एका मराठी घराची वाचकांनी कल्पना करावी. वडील नोकरीत, मुलगा भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत बारावीला. गणितात तरबेज, पण स्वमग्न. शाळेत बाई ओळखीच्या, बाक ठरलेला, परीक्षेत जादा वेळ मिळतो. पण शाळा संपल्यावर पुढे काय? दोह्यातच शिकवावे, तर कुटुंबाचा राहण्याचा परवाना वडिलांच्या नोकरीला बांधलेला. पुण्याला आजीकडे पाठवावे, तर भारताच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा अपंगांसाठी राखल्या आहेत आणि त्यांत ऑटिझमही येतो. जागा मिळेलही. पण अनोळखी शहरात, शंभर मुलांच्या वर्गात, रोज नव्या खोलीत त्याचा निभाव कसा लागणार?

आमच्या मते खरी अडचण प्रवेशाची नाही, पूर्वतयारीची आहे. शाळेत सारे काही कोणीतरी ठरवून देते. पुढच्या शिक्षणात ते विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. ही उडी एका सुट्टीत मारता येत नाही. तयारी दोन वर्षे आधी सुरू व्हावी आणि ती अगदी साध्या गोष्टींपासून व्हावी.

अल मन्सूराचेच उदाहरण घ्या. दोहा मेट्रोची हिरवी मार्गिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. तिचे एक टोक अल मन्सूरा आहे आणि तीच गाडी एज्युकेशन सिटी या विद्यापीठांच्या वसाहतीपर्यंत जाते. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. तेथे शिकायचे ठरले, तर मुलाने हा प्रवास प्रथम वडिलांबरोबर करावा. मग वडिलांनी दुसऱ्या डब्यात बसावे आणि शेवटी त्याने एकट्याने जावे. आपल्या बेटावरही जानेवारी २०२३ पासून मेट्रो रेदुईला विद्यापीठापर्यंत पोचली आहे. जानेवारी २०१९ पासून सरकारी संस्थांत पहिल्या पदवीची फी नाही. वाट आहे, फीही नाही. उरतो तो सराव.

दुसरी गोष्ट म्हणजे सांगण्याची. ‘मला तोंडी सूचना लक्षात राहत नाहीत, लिहून द्या’, ‘गोंगाट वाढला तर मी दहा मिनिटे बाहेर जाईन’, ही दोन वाक्ये मुलाला स्वतःच्या तोंडाने म्हणता आली पाहिजेत. आईने शिक्षकांच्या कानात सांगून आता भागणार नाही. अडचण आल्यास नेमके कोणाकडे जायचे, ते एक नाव त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असावे.

तिसरी गोष्ट नोकरीची. मुलाखतीत नजरेला नजर भिडवून गोड बोलणारा निवडला जातो आणि चोख हिशेब करणारा स्वमग्न मुलगा दारातूनच परततो. डेन्मार्कमध्ये थोरकिल सोने यांनी स्वतःच्या स्वमग्न मुलाकडे पाहून २००४ मध्ये स्पेशालिस्टर्ने ही संस्था काढली. तेथे नुसत्या मुलाखतीवर न विसंबता उमेदवाराला प्रत्यक्ष काम देऊन पाहतात. भारतातही सॅप या संगणक कंपनीने बंगळूरमध्ये अशा तरुणांना कामावर घेतले. हे उपकार नव्हेत. कामाला योग्य माणूस त्यांना हवा होता.

मॉरिशसच्या १९९६ च्या कायद्याने ३५ वा अधिक माणसे असलेल्या मालकांवर ३ टक्के अपंग कामगार घेण्याचे बंधन घातले. परंतु मालक कागदावर दंड भरील, मनाने जागा देणार नाही, तोवर कायदा लंगडाच. आपल्यापैकी किती जणांची दुकाने, कार्यालये, कारखाने आहेत! त्यांनी एका तरुणाला तीन महिने काम देऊन पाहावे. काम लिहून द्यावे, वेळ ठरवून द्यावी, बसायला शांत कोपरा द्यावा. यात खर्च तो कितीसा?

आणि आपण घरचे लोक? बहिणीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, म्हणून अशा मुलाला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवणारी घरे आपल्यातही आहेत. ज्याला घरातच लपवले, तो उद्या कचेरीत मान वर करून कसा बसेल? गणेशोत्सवात ढोल वाजतो तेथे त्याला ओढू नका. वर्गणीची वही त्याच्या हाती द्या. जमाखर्च तो पैशापैशाने जुळवील, आणि चारचौघांना त्याचे नावही कळेल. त्याची पहिली नोकरी तीच समजा.

अल मन्सूरातले ते घर एकटे आहे, नातेवाईक समुद्रापलीकडे. आपण मात्र या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सुखदुःखात धावून जाणारी माणसे आहोत. शाळेपर्यंत आपण या मुलांचा हात धरतो. पुढची दोन-चार वर्षेही तो धरून ठेवावा, एवढेच आमचे मागणे आहे.