अंगणवाडी ते पहिली : भार कुणाच्या खांद्यावर?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळा उघडण्याचे दिवस आलेले असतील. गावोगावी प्रभातफेऱ्या निघतील, पहिलीच्या मुलांना गुलाबाचं फूल आणि नवी पुस्तकं मिळतील. त्याच आठवड्यात राज्यातली लाखो मुलं अंगणवाडीतून उठून पहिलीच्या वर्गात जाऊन बसतील. या वेळचं संपादकीय त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यांना तिथवर पोचवणाऱ्या बायकांबद्दल.

विषय ठरला तेव्हा आमच्याच बैठकीत एकीनं विचारलं, "हा तर शिक्षणवाल्यांचा विषय. आपण कशाला त्यात पडायचं?" प्रश्न रास्त होता. घरातली हिंसा, जमिनीतला वाटा, समान मजुरी या प्रश्नांच्या रांगेत मुलाची पहिली कुठे बसते? गेली दहाबारा वर्षं मी वस्त्यांमध्ये काम करते आहे. त्या अनुभवातून माझं उत्तर असं आहे की अंगणवाडी आणि शाळा यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडलेली आहे, ती बायका आणि मुली स्वतःचं श्रम घालून भरून काढतात. त्याची मोजदाद कुठेच होत नाही. म्हणून हा आपला विषय आहे.

मुलाच्या बाजूनं हा बदल बघा. अंगणवाडी घरापासून हाकेच्या अंतरावर असते. तिथली ताई बहुतेक वेळा गावातलीच असते, मुलाच्या आईला ओळखते, मुलाची बोली बोलते. धाकटं भावंड मांडीवर घेऊन बसलं तरी चालतं. शाळेत घंटा असते, लघवीला विचारून जावं लागतं, संडास लांब असतो आणि पुष्कळदा त्यात पाणी नसतं. भोवती थोराड मुलं, समोर अनोळखी शिक्षक, आणि पहिल्या आठवड्यापासून हातात पाटीपेन्सिल. मग मूल रडतं, सकाळी पोट दुखतं म्हणतं, शाळेच्या वाटेवरून पळून येतं.

तेव्हा धावपळ कोण करतं? जून-जुलैत मी शाळांमध्ये जाते तेव्हा पहिलीच्या वर्गाबाहेर ओट्यावर बसलेल्या आया हमखास दिसतात. पेरणी-लावणीचे दिवस असतात. ओट्यावर बसलेल्या बाईचा रोज बुडतो. ती कामावर गेली आणि मूल शाळेतून परत आलं, तर 'तुझं पोराकडे लक्ष नाही' हे ऐकून घ्यायलाही तीच. एवढ्या कारणावरून मार खाल्लेल्या बायका आपल्या सल्लाकेंद्रात आलेल्या आहेत. बापानं मजुरी बुडवून ओट्यावर बसल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

आई बसू शकत नसेल तर थोरली बहीण असतेच. तिसरी-चौथीतली नऊदहा वर्षांची मुलगी धाकट्याला बोटाला धरून आणते, त्याच्या वर्गात जाऊन बसते, तो रडला की त्याला घेऊन घरी जाते. त्या दिवसापुरती तिची शाळा संपते. असे दिवस साठत जातात आणि पुढे 'मुलीला अभ्यासात गोडीच नाही' असा निष्कर्ष निघतो.

हे कोडं या राज्यात फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. पुढे त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. धाकट्याला सांभाळणाऱ्या बहिणीला शिकायचं असेल तर धाकट्याची सोय त्याच आवारात हवी, हा त्यामागचा साधा विचार. थोरल्या बहिणीचा प्रश्न या बायकांनी शाळेच्या रचनेतच सोडवला होता.

सरकारनं अंगणवाडी उचलली, विकासवाडीचा विचार मात्र मागे राहिला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी महिला-बालविकास खात्याकडे राहिली. शाळा शिक्षण खात्याकडे. २०१० साली लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं हक्क दिला तो सहाव्या वर्षापासून. तीन ते सहा वयासाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढंच तो म्हणतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, आणि २०२१ मध्ये पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळातून शिकवण्याचा 'विद्याप्रवेश' कार्यक्रम आला. कागदावर दरी बुजली. प्रत्यक्षात अंगणवाडीची ताई आणि पहिलीचे गुरुजी यांची भेटही होत नाही, एवढी ती शाबूत आहे.

मुलाला तीन वर्षं ओळखणारी ताईच असते. कोण बोलायला लाजतं, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाची आई ऊसतोडीला जाते, हे तिला ठाऊक असतं. पण तिला कुणी विचारत नाही, कारण ती 'मानधनी'. अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये दिला. तरीही ग्रॅच्युइटी आणि मानधनवाढीसाठी या राज्यातल्या सेविकांना डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. जिला कामगार मानायला इतके कष्ट पडतात, तिच्या ज्ञानाला किंमत कोण देणार?

'पहिले पाऊल' या नावानं २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे होऊ लागले, मातांचे गट झाले. त्याचं मी स्वागतच करते. ज्या बायका शाळेच्या फाटकाच्या आत कधी आल्या नव्हत्या, त्या आल्या, बोलू लागल्या. पण गट मातांचेच का? घरी मुलाकडून सराव करून घ्यायचं काम आणखी एकदा आईच्या ओट्यात घातलं गेलं. बापाला बोलावणं कधी जाणार?

आता भाषेचं. पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या आदेशावरून २०२५ साली मोठं रान उठलं आणि जूनअखेर सरकारनं ते आदेश मागे घेतले. सहा वर्षांच्या मुलावर भाषांचं ओझं नको, हे तेव्हा सगळे ठासून सांगत होते. योग्यच होतं. पण मेळघाटातल्या कोरकू मुलाला, नंदुरबारच्या भिली-पावरी बोलणाऱ्या मुलाला पहिलीतली पुस्तकी मराठीही परकीच असते. त्याच्यासाठी तेवढे मोठे आवाज निघाले नाहीत. अंगणवाडीत ताई त्याच्या बोलीत बोलते. शाळेत ती बोली एका दिवसात बंद पडते.

आणि कागद. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लागणार आहे. चांगली गोष्ट. पण ती मुलं पहिलीत यायला २०३० उजाडेल. आज परित्यक्ता, एकटी बाई प्रवेशाला जाते तेव्हा 'वडिलांना घेऊन या', 'वडिलांचं आधार आणा' हे तिला ऐकावं लागतं. लक्षात ठेवा, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १४ तसं स्पष्ट सांगतं.

मग आपण काय करायचं? या जूनमध्ये प्रत्येक गटानं निदान एक गाव किंवा एक वस्ती धरावी. पहिलीत जाणाऱ्या मुलांची यादी ताईकडून घ्यावी आणि तिच्यासोबत पहिलीच्या शिक्षकांना भेटावं. मुलांना एकदा शाळा, वर्ग, नळ, संडास दाखवून आणावं. एकट्या बाईबरोबर प्रवेशाला आपल्यापैकी कुणी जावं. पहिलीच्या पहिल्याच पालकसभेला बाप येतील असं बघावं. आणि धाकट्याला घेऊन बसणाऱ्या बहिणी किती, हे मोजून लिहून काढावं; तो आकडा आपल्याशिवाय कुणी गोळा करणार नाही.

मागण्याही मांडू या. सुरुवातीचे काही आठवडे ताईला पहिलीच्या वर्गात बसता यावं, आणि त्याचे पैसे तिला मिळावेत. शाळेच्या आवारात किंवा लगत पाळणाघर असावं. पहिलीत मुलाच्या बोलीला जागा असावी. पटसंख्या कमी म्हणून जवळची शाळा बंद करू नये. शाळा लांब गेली की आधी मुलींचीच सुटते.

मूल शाळेत रुळलं नाही तर दोष आईला आणि रुळलं तर श्रेय शाळेला, हा हिशेब आपण मान्य करायचा नाही. तुमच्या गावातली नोंद आम्हाला जरूर पाठवा. पुढच्या अंकात ती छापू, आणि तीच घेऊन जिल्हा परिषदेत जाऊ.